लोटन नानांचं एक अक्षर

लोटन नाना बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नसत, कानांकडे बघत. नव्या माणसाला वाटे, आपल्या कानाला काहीतरी लागलंय. सारंगखेड्याच्या बाजूच्या एका गावात, पशुवैद्यकीय दवाखान्यात मी अधिकारी म्हणून रुजू झालो, त्या पहिल्याच सकाळी मी दोनदा रुमालाने कान पुसले. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा ते म्हणाले, "ऱ्हावू द्या साहेब, काही लागेल नही. मन्ही सवय शे. जनावरनं दुखनं कानमा दिसस. माणूसना कान मात्र लबाड. माणूस मरी ऱ्हायना तरी हालत नही."

नाना त्या दवाखान्यात व्रणोपचारक होते. म्हणजे जखमा धुवायच्या, किडे काढायचे, मलमपट्टी करायची, जनावर पाडून बांधायचं. मी नगर जिल्ह्यातला, पदवी घेऊन आलेला, त्यांच्यापेक्षा पंधराएक वर्षांनी लहान. कागदावर ते माझ्या हाताखाली होते. प्रत्यक्षात सुरुवातीची काही वर्षं मीच त्यांच्या हाताखाली होतो, आणि हे त्यांनी मला कधी विसरू दिलं नाही. मी गाभण म्हशीच्या पोटात हात घालून गोंधळलो की ते बाजूला उभे राहून म्हशीच्या मालकाला सांगत, "थांब जरासा. साहेबनं पुस्तक आतमा हरपेल शे."

त्यांची दोरीची एक गाठ होती. बिथरलेलं जनावर जितकं ओढेल तितकी ती घट्ट होई, पण कातडीला काचत नसे. सोडायची तर एक मोकळं टोक होतं, ते एका झटक्यात ओढलं की झालं. फक्त ते टोक जनावराच्या दाताला किंवा खुराला पोचणार नाही अशा जागी ठेवलेलं असे. ही गाठ त्यांनी मला आठवडाभर शिकवली. मी बांधायचो, ते दोन बोटांनी उकलायचे. "हाई गाय खोली लेई." मी पुन्हा बांधायचो. "हाई ते बकरी बी खोली लेई." एका दुपारी त्यांनी दोरी दोनदा ओढून पाहिली आणि म्हणाले, "आते जमनं. आते माले बी खोलता येवाव नही." त्या दिवशी मला पदवी मिळाल्यापेक्षा जास्त आनंद झाला होता.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात दरवर्षी आमचा तंबू लागायचा. माझ्या पहिल्याच वर्षी, सकाळी नऊच्या सुमाराला, एक काळी घोडी ट्रकमधून उतरताना फळीवरून घसरली. पुढच्या पायाचं हाड मोडून कातडीबाहेर आलं होतं. मालक मारवाडातला व्यापारी. तो म्हणाला, मोठ्या भावाला विचारल्याशिवाय काही करू नका. मला ते बरंच वाटलं, कारण मलाही वरिष्ठांना विचारायचं होतं. कायद्याने ते विचारायची गरज नव्हती, निर्णय माझाच होता, हे मला माहीत होतं. तरी मी जिल्ह्याला फोन लावला. साहेब बैठकीत होते.

नाना घोडीच्या डोक्याशी बसले होते. ते म्हणाले, "साहेब, कान पडनात."

मी म्हणालो, "लेखी हुकूम येऊ द्या."

ते उठले, तंबूतलं स्टूल आणलं आणि घोडीच्या तोंडापासून हातभर अंतरावर ठेवलं. "बठा. हुकूम येस तवलगून आठेच बठा. तंबूमा जावानं नही. चहा बी आठेच पेवा."

मी बसलो. का बसलो ते सांगता येणार नाही. त्यांच्या आवाजात तसं काहीतरी होतं. डिसेंबरची थंडी होती आणि घोडीच्या अंगातून घामाची वाफ निघत होती. ती दात खात होती. मधूनच मान वळवून स्वतःच्याच खांद्याचा लचका घ्यायची. बाजारात ढोल वाजत होते, शेजारी घोडे नाचवून दाखवत होते, माणसं येऊन बघून जात होती. हुकूम दुपारी तीनला आला. तोवर भावाचा निरोपही आला होता. मालक पाठ फिरवून निघाला, तेव्हा नानांनी त्याला दंडाला धरून परत आणला आणि घोडीच्या लगामाची दोरी त्याच्या हातात दिली.

"पाळी कोनी? तू पाळी. मंग दोर बी तूच धर. आमले सोपी देवानी नी तिकडे तोंड करीसन बिडी फुकानी, असं चालाव नही."

त्याला अहिराणी येत नव्हती, पण कळलं. त्याने दोरी धरली. नानांनी घोडीच्या ओठाला गुळाचा खडा लावला, शीर शोधून दिली, मी आधी गुंगीचं आणि मग दुसरं इंजेक्शन दिलं. दोन मिनिटांत ती शांत झाली. मालक लहान मुलासारखा रडत होता. नाना हात धूत मला म्हणाले, "सहा तास. आज नऊ पासून तीन. हाई सहा तास तुम्ही करेल शेत. मालकनी नही, देवनी नही. ध्यानमा ठेवा."

आमच्या दवाखान्यात 'मारणं' हा शब्द नव्हता. मी एकदा बोलून गेलो, "मग मारायचं का हे कुत्रं?" तर नाना चिडले. "मारस तो कसाई. आपन सोडतस." नोंदवहीत मी 'वेदनामुक्त केले' असं लिहायचो, पण बोलताना आम्ही दोघंही 'सोडलं'च म्हणायचो. पिसाळलेलं कुत्रं, ट्रकने कंबर चिरडलेलं गाढव, मोडका घोडा. नाना कानांकडे बघत आणि म्हणत, "सोडी द्या, साहेब." पुढची वीस वर्षं, मधल्या दोन बदल्या सोडल्या, तर हा शब्द फक्त आमच्या दोघांचा होता. गावात सोडणं म्हणजे बैल सोडणं, पाणी सोडणं, एसटीवर नेऊन सोडणं.

त्यांची जीभ वाईट होती, हे मला लपवायचं नाही. त्यांच्या पत्नीला गर्भाशयाचा कर्करोग झाला. सुरतेहून हात टेकून परत पाठवल्यावर तिला इथल्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. दुखणं थांबवायची गोळी चार तासांची, ती दोन तासांत उतरायची. उरलेले दोन तास ती उशी तोंडात धरून ओरडायची. एके दिवशी, भेटायला आलेली माणसं भोवती असताना, मुलगा सुनील तिचे पाय चेपत असताना, नाना म्हणाले, "हाई घोडी व्हती ते बरं व्हतं."

ती शुद्धीवर होती. तिने ऐकलं. त्यानंतर ती एकोणीस दिवस जगली आणि नानांशी एक शब्द बोलली नाही.

मी नंतर त्यांना म्हणालो, "नाना, ते बोलायला नको होतं."

"नको व्हतं," ते म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "पन खोटं काय व्हतं, ते सांगा." आणि मग खूप वेळाने, जखमेत औषध भरता भरता, बैलाला सांगितल्यासारखं, "तिना कानकडे देखी ऱ्हायंतू. तोंडमाईन निंघी गयं."

निवृत्त झाल्यावरही ते मंगळवारी बाजाराला आले की दवाखान्यात डोकावत. नव्या व्रणोपचारकाची पट्टी सोडून पुन्हा बांधत. अशाच एका मंगळवारी त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. स्वतःच्या हाताने, शाळेच्या वळणदार अक्षरात लिहिलेला. मजकूर वर्तमानपत्रातल्या एका कात्रणावरून बेतला होता. परत बरं होण्याची आशा नसेल तर मला मशीन लावू नये, नाकातून नळी घालून जगवू नये, दुखणार नाही एवढंच बघावं. आता कायद्याने असं लिहून ठेवता येतं. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि नोटरीचा किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का.

"तुम्ही राजपत्रित शेत ना, साहेब? दिवस सांगा. साक्षीदार मी त्याच दिवशी ली येसू. आधी गावमा बोभाटा नको, सुनीलना कानवर ते नकोच नको."

"नोटरीकडे जा ना नाना."

"तो माले वळखत नही. तुम्ही माले काम करता देखेल शे."

मी वाद घातला. आज मला वाटतं, वाद घालण्यात मी वेळ काढत होतो. मी म्हणालो, घोडा आणि माणूस एक नाही.

"नही ना. घोडाले बोलता येत नही, तरी आपन आयकतस. माणूस बोली ऱ्हायना तरी कोनी आयकत नही."

मी म्हणालो, "आणि उद्या एखाद्या पोराला बापाची जमीन लवकर हवी असली तर? तो म्हणेल, बापच सांगून गेलाय, सोडा. म्हाताऱ्यांना पोरं भीतीनेच विचारतील, तुम्हाला अजून किती जगायचंय म्हणून. दार एकदा उघडलं की कोण कोण आत येईल, सांगता येत नाही."

समोर एक बाई शेळीला खांद्यावर घेऊन उभी होती, तिच्याकडे नाना बघत बसले. मग म्हणाले, "हाई तुम्ही बरोबर बोलनात. अशी लोके शेत. मी देखेल शेत. म्हनीसनच ते लिखी ठेवस. मन्हं डोकं ठिकानावर शे, हात चाली ऱ्हायना, तवयच. मांगेतून पोऱ्याले ठरावं लागाले नको. त्याले माय एक पुरी व्हयनी."

मी म्हणालो, "ठेवून जा. बघतो."

तो कागद मी टेबलाच्या खणात, लसीच्या नोंदवहीखाली ठेवला. सात महिने तो तिथेच होता. दर मंगळवारी नाना विचारत, "साहेब, कागद?" मी म्हणायचो, "बघतो, नाना." मला मरणाची, पापाची, धर्माची भीती नव्हती. मला बातमीची भीती होती. जनावरांच्या डॉक्टराने माणसाच्या मरणावर शिक्का मारला, असं कोणीतरी छापेल. सुनील शाळेत शिक्षक आहे, तक्रारीचा अर्ज लिहायला त्याला वेळ लागायचा नाही. चौकशी लागेल, बढती अडेल. असल्या गोष्टींसाठी मी ते थांबवलं. शेवटी शेवटी नाना हसून म्हणायचे, "घोडीले सहा तास, माले सात महिना. तरक्की व्हयनी साहेबनी."

मग एका सकाळी अंगणात तोंड धुताना ते पडले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. सुनीलने त्यांना नंदुरबारला एका खाजगी दवाखान्यात नेलं. मी दुपारी पोचलो तेव्हा त्यांच्या घशात नळी होती आणि मशीन श्वास घेत होतं. मी सुनीलच्या खांद्यावर हात ठेवला. कागदाबद्दल बोललो नाही. नुकतंच पडलेत, कदाचित सुधारतील, असं मी मनाशी म्हणालो, आणि ते चूकही नव्हतं. डॉक्टरही तेच म्हणत होते.

नवव्या दिवशी मशीन निघालं. उजवं अंग गेलं होतं. गिळता येत नव्हतं, म्हणून नाकातून नळी. वाचा गेली होती, पण अगदी सगळी नाही. डॉक्टर म्हणाले, अशा रुग्णात कधीकधी एखादाच शब्द, एखादाच आवाज शिल्लक राहतो. नानांकडे 'सो' राहिला होता.

"सो... सो..." ते म्हणत. डोळे मोठे करून, मानेच्या शिरा ताणून.

सुनीलची मुलगी सोनी तेव्हा अकरावीत होती. सुनीलची बायको आनंदाने रडायला लागली. "अहो, सोनीले बोलावा! नाना सोनीले बोलाई ऱ्हायनात!" सोनीला आणलं. खाटेच्या आणि भिंतीच्या मधे एकाच माणसाला उभं राहायला जागा होती, तिथे तिला उभं केलं. तिच्या मागे दारात मी होतो. नानांनी बघितलं आणि जोरात म्हणाले, "सो!" डोळ्यांतून पाणी आलं. "देखा," सुनील म्हणाला, "नातीले वळखं. बाप मन्हा आतमा शे. पूर्न शे." त्याच्या चेहऱ्यावर जो उजेड आला होता, तो मी कधी विसरणार नाही. डॉक्टरांनाही त्याने तेच सांगितलं. जगण्याची इच्छा आहे म्हणून डॉक्टरांनीही मान हलवली.

मला पहिल्याच हाकेला कळलं होतं. वीस वर्षं मी तो शब्द त्याच तोंडून ऐकला होता. जो माणूस 'सोडी द्या' म्हणत होता, त्याचं म्हणणं त्याच्या जगायच्या इच्छेचा पुरावा म्हणून नोंदलं जात होतं, आणि मी दारात उभा होतो.

त्यानंतर रोज शाळा सुटली की सोनीला आणत. ती उभी राही, नाना 'सो, सो' करत, चिडत, डावा हात खाटेवर आपटत. "खुशीमा शे," सगळे म्हणत. मीही दोन दिवसांआड जात होतो, दारातच उभा राहत होतो. एकदा मी सुनीलला म्हणालो, "दुसरंच काही म्हणत नसतील ना?" एवढंच. तो म्हणाला, "काय म्हनतीन दुसरं?" मी म्हणालो, "नाही, सहज." माझ्याकडून तेवढंच झालं.

तिसऱ्या आठवड्यापासून नाना डाव्या हाताने नाकातली नळी उपटायला लागले. दिवसातून दोनदा, तीनदा. दर वेळी नवीन नळी घालताना चौघांनी धरावं लागे, नाकातून रक्त येई. नर्सने बँडेजच्या पट्टीने हात खाटेला बांधला, तर त्यांनी बोटांनी ती गाठ उकलली. डावी बोटं शाबूत होती. नर्स हैराण झाली. सुनील माझ्याकडे वळला. "साहेब, तुमले येस ना जनावरनी गाठ? नानानीच शिकाडेल शे ना?"

मी बांधली.

मला नाही म्हणता आलं असतं. हात थरथरतोय म्हणता आलं असतं. मी पट्टी घेतली, मनगटाखाली कापूस ठेवला, कातडीला काचू नये म्हणून, आणि त्यांनी शिकवली तशीच गाठ बांधली. मोकळं टोक त्यांच्या बोटांना पोचणार नाही असं खाटेच्या खालच्या दांडीला नेलं. नानांनी एकदा ओढून पाहिलं. मग बोटं चाचपडत टोक शोधायला लागली. थोड्या वेळाने थांबली. ते माझ्या कानाकडे बघत होते.

"व्वा," नर्स म्हणाली, "सर, आम्हाला पण शिकवा की."

पुढचे आठवडे मी तपशिलात सांगत नाही. पाठीवर आणि माकडहाडावर जखमा झाल्या. मी जखमा ओळखतो. पहिली रुपयाएवढी होती, महिन्याभरात तिच्यात मूठ मावली असती. जन्मभर ज्याने दुसऱ्यांच्या जखमांतले किडे काढले, त्याच्या पाठीला वास यायला लागला. सुनील स्वतः धुवायचा, नाकाला रुमाल न बांधता. त्याला मी कधीच दोष देणार नाही. सत्त्याहत्तर दिवस तो शाळा करून रोज बापाजवळ बसला. एकदा मला बाहेर चहा पाजताना म्हणाला, "साहेब, लोके म्हनतस, आते पुरे कर. मन्ही मायले त्यानी घोडी म्हने. मी ऐकेल शे. मी बापना घोडा व्हवू देवाव नही." मी चहा प्यालो.

सातव्या आठवड्यात न्यूमोनिया झाला. डॉक्टर तरुण होते, परगावचे, आणि चांगले होते. त्यांनी सुनीलला आणि मला खोलीत बसवलं. म्हणाले, पुन्हा मशीन लावावं लागेल. त्यातून ते उठतील असं मला वाटत नाही, लावल्यावर काढणं अवघड होतं. न लावता त्रास होणार नाही एवढं आम्ही बघू शकतो. "त्यांनी आधी कधी काही बोलून ठेवलं होतं का? लिहून वगैरे? आता तसं करता येतं. असेल तर आम्हालाही सोपं जातं."

सुनील माझ्याकडे बघायला लागला. त्या वेळी त्याच्या डोळ्यांत हट्ट नव्हता. तो थकला होता. मला आजही वाटतं, त्याला कोणीतरी बापाचं म्हणणं सांगायला हवं होतं. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही वीस वरीस संगे व्हतात. मन्हासंगे ते बोलत नव्हतात. तुमले काही बोलनात का?"

खोलीत पंखा फिरत होता. मी विचार केला, कागद दाखवला तर विचारतील, सात महिने कुठे होता. शिक्का का नाही मारला. आणि इतके आठवडे गप्प का बसलात. हात कोणी बांधला.

"नाही," मी म्हणालो. "तसं काही नाही बोलले."

"मंग लावा मशीन," सुनील म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात गेलो. आमच्या मागे एक खड्डा आहे, जुनी औषधं आणि वापरलेला कापूस जाळायचा. त्यात तो कागद टाकला. पेटायला वेळ लागला नाही.

नाना अकराव्या आठवड्यात गेले. हृदय बंद पडल्यावर वीस मिनिटं छाती दाबत होते. मी बाहेर उभा होतो. त्या वयाच्या माणसाच्या बरगड्या मोडतात, त्याचा आवाज दाराबाहेरही येतो. सुनीलने मला विचारलं, "काय वाजी ऱ्हायनं?" मी म्हणालो, "मशीन असेल."

दहाव्याला नदीकाठी माणसं जमली होती. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "भाग्यवान माणूस. मरे तवलगून नातनं नाव तोंडमा व्हतं." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही. त्यानंतर मी स्वतःची समजूत अशीच घालत आलो. नानांचं जे झालं ते झालं, पण त्या पोरीला आजोबांचं शेवटचं अक्षर मिळालं. मी खरं सांगितलं असतं तर तिच्याकडून तेवढंही गेलं असतं. गप्प राहून मी निदान एका जिवाचं भलं केलं. तीन वर्षं या एका गोष्टीवर माझी झोप उभी होती.

मागच्या महिन्यात सोनी माझ्या ऑफिसात आली. आता माझी बदली नंदुरबारला झालीय, ती इथेच नर्सिंग शिकते. कुठल्याशा अर्जासाठी तिला गुणपत्रिकांच्या प्रतींवर राजपत्रित अधिकाऱ्याच्या सह्या हव्या होत्या. मी शिपायाला चहा सांगितला. सह्या करून शिक्के मारायला दोन मिनिटंही लागली नाहीत. ती कागद गोळा करत होती, आणि मला काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, "सोनी, बस. तुला एक सांगायचंय."

मी सगळं सांगितलं. शब्द, कागद, गाठ, डॉक्टरांची खोली. तिच्या चहावर साय आली. मला वाटलं होतं ती रडेल. मी तिची माफी मागितली, म्हणालो, तुझ्याजवळ जे होतं ते मी आज काढून घेतलं.

ती म्हणाली, "म्हंजे ते मन्हावर चिडेल नव्हतात?"

"तुझ्यावर? नाही. तुझ्यावर कशाला?"

"मी रोज आईले सांगू, माले नको ली जाऊ. नाना माले देखीसन डोया वटारतस, हात आपटतस. आई म्हने, येडी, तुन्हं नाव ली ऱ्हायनात ते." तिने हातातल्या कागदांच्या कडा जुळवल्या. "माले वाटे, मन्हाकडून काहीतरी व्हयनं. मरता मरता माणूस नाव लीसन शिव्या दी ऱ्हायना, म्हंजे काहीतरी मोठं व्हई. तीन वरीस मी तेच धुंडी ऱ्हायनू, काका. मी काय करं व्हतं म्हनीसन."

मी टेबलावरचा शिक्का उचलून खणात ठेवला.

"आते वार्डमा देखस मी असला पेशंट," ती म्हणाली. "कोनकडे देखी ऱ्हायना ते आमी पहिले देखतस. नाना मन्हाकडे नही देखे. मन्हा खांदावरून मांगे देखे. माले तवय समजे नही, मांगे काय शे." तिने माझ्याकडे बघितलं. "मांगे तुम्ही व्हतात ना, काका? दारमा?"

"हो."

"ते कोनलेच नही, तुमलेच सांगी ऱ्हायंतात."

शिपाई कप न्यायला आला, तिचा भरलेला कप बघून तसाच परत गेला. सोनी उठली. तिने कागद पिशवीत घातले, खुर्ची जागेवर सरकवली. घरच्या वळणाप्रमाणे ती माझ्या पायांशी वाकली. हात अर्ध्यावर आला आणि थांबला. तशीच ती क्षणभर वाकलेली राहिली, मग सरळ झाली आणि दार ओढून घेऊन निघून गेली.